लिनक्सवर ब्लूटूथ स्कॅन: आधी कोण, नंतर कोण, आणि आपलं डिव्हाइस का दिसत नाही

नवा रास्पबेरी पाय घ्यायचा, टर्मिनल उघडायचं, स्कॅन सुरू करायचा. वरच्या मजल्यावरचा टीव्ही दिसतो, कुणाचा तरी फिटनेस बँड दिसतो, नावाऐवजी नुसते आकडे असलेली अनोळखी डिव्हाइस ढिगाने दिसतात. समोर टेबलावर दिवा लुकलुकवत बसलेला स्पीकर तेवढा दिसत नाही. मग माणूस स्पीकर बंद-चालू करतो, पाय बंद-चालू करतो आणि शेवटी नवा डोंगल मागवतो. बहुतेक वेळा यातल्या कशाचीच गरज नसते. एकतर स्कॅनच्या क्रमात त्या स्पीकरची पाळीच आलेली नसते, नाहीतर ती येऊन गेलेली असते आणि वेळ पुरलेला नसतो.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. लिनक्सवर ब्लूटूथचं काम ब्लूझेड ही प्रणाली करते, म्हणून उदाहरणं तिचीच घेतली आहेत. शेवटाकडे अँड्रॉइडबद्दलही थोडं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना मात्र त्या इंग्रजी अक्षरांत आणि सगळ्या लहान लिपीत लिहा.

हे जवळ असू द्या

- लिनक्सचा संगणक: रास्पबेरी पाय ३ किंवा त्यापुढचा, नाहीतर उबुंटू वा डेबियन असलेला लॅपटॉप. पाय ३ च्या आधीच्या मॉडेलमध्ये ब्लूटूथ नव्हतं, त्यांना यूएसबी डोंगल लागेल.
- ब्लूझेडची साधनं: ब्लूटूथसीटीएल, बीटीमॉन आणि बीटीएमजीएमटी. डेबियन-उबुंटूत तिन्ही एकाच पॅकेजमधून येतात.
- सुडो, म्हणजे कमांड प्रशासकाच्या हक्काने चालवणं, वापरायची परवानगी. बीटीमॉन तिच्याशिवाय चालत नाही.
- शोधायची दोन डिव्हाइस: एक स्पीकर किंवा हेडफोन, आणि एक बँड किंवा सेन्सर. दोन्ही प्रकार समोर असले की क्रम लगेच कळतो.
- दोन टर्मिनल खिडक्या शेजारी शेजारी.

## १. डिव्हाइस कोणत्या पद्धतीचं आहे ते ठरवा

ब्लूटूथ या एका नावाखाली दोन वेगळ्या रेडिओ पद्धती नांदतात. जुनीला क्लासिक म्हणतात, तांत्रिक नाव बीआर-ईडीआर. दुसरी एलई, म्हणजे लो एनर्जी, ती २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर आली. पट्टा दोघींचा एकच, २.४ गिगाहर्ट्झचा. पण क्लासिक त्यात १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल पाडते आणि एलई २ मेगाहर्ट्झचे ४०.

ढोबळ वाटणी अशी. स्पीकर, हेडफोन, गाडीतली म्युझिक सिस्टीम, जुने कीबोर्ड, आणि डिप्लोमा-इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हटकून असणारं एचसी-०५ मॉड्यूल ही सगळी क्लासिक. फिटनेस बँड, तापमान मोजणारे सेन्सर, बीकन, किल्ल्यांना लावायचे टॅग हे एलई. ईएसपी३२ घेतला असेल तर चिपचं पूर्ण नाव वाचा. मूळ ईएसपी३२ दोन्ही बोलतो, एस३ आणि सी३ फक्त एलई. एचसी-०५ साठी लिहिलेला कोड सी३ वर चालवायला बघणारे दर सेमिस्टरला भेटतात.

क्रमासाठी महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. क्लासिकमध्ये शोधणारा हाक मारतो आणि डिव्हाइस ऐकून उत्तर देतं. एलईमध्ये उलट. तिथे डिव्हाइस भाजीवाल्यासारखं स्वतःच ओरडत असतं, शोधणाऱ्याने फक्त कान द्यायचा. क्लासिकच्या या हाक मारण्याला इन्क्वायरी म्हणतात आणि एलईच्या कान देण्याला स्कॅन. आपण दोन्हीला सरसकट ‘स्कॅन’ म्हणतो, तिथून सगळा घोळ सुरू होतो.

## २. यंत्रणा जागी आहे ना, एकदा बघा

हे पटकन उरका. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ’ दिल्यावर सेवा चालू दिसली पाहिजे. ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये ब्लूटूथसमोर ‘ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’. मग ब्लूटूथसीटीएल उघडून ‘शो’ म्हणा, ‘पॉवर्ड: येस’ हवं.

एक फाइल आवर्जून बघा. ईटीसी फोल्डरातल्या ब्लूटूथ फोल्डरात मेन डॉट कॉन्फ आहे, तिच्यात ‘कंट्रोलरमोड’ नावाची ओळ असते. तिची मूळ किंमत ‘ड्युअल’. कुठल्यातरी ट्यूटोरियलचं ऐकून कुणी तिथे ‘एलई’ लिहून ठेवलं असेल, तर क्लासिक डिव्हाइस जन्मात दिसायचं नाही आणि एररही येणार नाही. जुनं, हातोहात आलेलं एसडी कार्ड वापरत असाल तर ही तपासणी टाळू नका.

## ३. क्रम समजून घ्या

ब्लूटूथसीटीएलमध्ये ‘स्कॅन ऑन’ दिलंत आणि बाकी काही सांगितलं नाहीत, तर दोन्ही पद्धती शोधायच्या असं धरलं जातं. पण रेडिओ एकच आहे. म्हणून कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेळ वाटून देतो. नेहमीच्या कंट्रोलरवर, म्हणजे संगणकातल्या ब्लूटूथच्या चिपवर, एक फेरी अशी चालते:

1. आधी एलई स्कॅन, ५.१२ सेकंद.
2. तो बंद करून क्लासिकची इन्क्वायरी, तीही ५.१२ सेकंद.
3. इन्क्वायरीत सापडलेल्या पण नाव न सांगितलेल्या डिव्हाइसना एकेक करून नाव विचारणं.
4. थोडा विराम, साधारण ५ सेकंदांचा. मग तुम्ही ‘स्कॅन ऑफ’ म्हणेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून.

स्पीकर सुरुवातीला न दिसण्याचं कारण इथेच आहे. पहिली पाच सेकंदं त्याला कुणी हाकच मारलेली नसते. ‘तीन सेकंद थांबलो, काही आलं नाही’ अशी तक्रार वाचली की समोरचा पहिल्या पायरीतच उठून गेलाय हे ओळखावं.

आता ५.१२ हा आकडा. इन्क्वायरीची लांबी १.२८ सेकंदांच्या पटीत सांगायची असते, चार पट म्हणजे ५.१२. क्लासिकमध्ये हाक मारायला ७९ पैकी ३२ फ्रिक्वेन्सी ठरवलेल्या आहेत आणि त्यांचे १६-१६ चे दोन गट आहेत. एका गटावरून एकदा फिरायला १० मिलिसेकंद लागतात. तो गट २५६ वेळा फिरवायचा, म्हणजे २.५६ सेकंद, मग दुसरा गट. ब्लूटूथचं मानक सांगतं की आसपासचं सगळं सापडावं अशी इच्छा असेल तर गट किमान तीनदा बदलायला हवा. म्हणजे २.५६ चे चार तुकडे, एकूण १०.२४ सेकंद.

वाटणीत क्लासिकला मिळतात ५.१२, गरजेच्या बरोबर निम्मे. दोन्ही गटांना २.५६ सेकंदांची एकेकच पाळी मिळते. त्यात समोरचं डिव्हाइसही सतत ऐकत नसतं. मानकातल्या मूळ किमती धरल्या तर ते दर २.५६ सेकंदांनी फक्त ११.२५ मिलिसेकंद कान उघडतं. डिव्हाइस ऐकायला उठलं तेव्हा कंट्रोलर दुसऱ्या गटावर असला की ती वेळ हुकली. स्पीकर एका फेरीत दिसतो आणि पुढच्या फेरीत नाही, याचं कारण बहुधा हेच. स्पीकर बिघडलेला नसतो.

एलईचा हिशेब सोपा. एलईत ओरडायला तीनच चॅनेल आहेत: ३७, ३८ आणि ३९, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. डिव्हाइस किती वेळाने ओरडणार हे ते स्वतः ठरवतं. बँड सेकंदात अनेकदा ओरडेल. बॅटरी वाचवणारा सेन्सर मात्र मानकाच्या मुभेप्रमाणे १०.२४ सेकंदांतून एकदाच ओरडू शकतो. असा सेन्सर ५.१२ सेकंदांच्या खिडकीत सापडला तर नशीब.

एलई आधी का? माझ्या मते यामागचं खरं कारण तिसऱ्या पायरीत आहे. नावं विचारणं ही क्लासिकच्या शोधाची शेपटी आहे, आणि ती किती लांबेल ते आधी सांगता येत नाही. प्रत्येक नावासाठी त्या डिव्हाइसला वेगळं गाठावं लागतं, आणि ते दूर गेलं असेल तर एकेका प्रयत्नात सेकंदन् सेकंद जातात. क्लासिक आधी ठेवलं असतं तर एलई त्या शेपटीमागे ताटकळलं असतं. आत्ताच्या क्रमात शेपटी फेरीच्या टोकाला येते आणि कुणाच्या मधे येत नाही. शिवाय कर्नेल नावं विचारताना ज्याचा सिग्नल जोरदार त्याला आधी विचारतो, त्यामुळे टेबलावरच्या स्पीकरचं नाव शेजाऱ्याच्या टीव्हीआधी यावं. २००७ मधल्या ब्लूटूथ २.१ पासून डिव्हाइस इन्क्वायरीच्या उत्तरातच नाव पाठवू शकतं. नव्या डिव्हाइसांत ही पायरी त्यामुळे बहुधा गळते.

एक अपवाद. काही कंट्रोलर दोन्ही कामं एकाच वेळी सांभाळू शकतात, आणि त्यांच्या ड्रायव्हरने कर्नेलला तसं सांगून ठेवलेलं असतं. इंटेलच्या चिपवर असंच आहे. तिथे एलई स्कॅन आणि इन्क्वायरी बरोबरच सुरू होतात, आतली वाटणी चिप बघते. त्यामुळे ‘माझ्या लॅपटॉपवर स्पीकर दुसऱ्या सेकंदाला दिसला, पायवर सहाव्याला’ असं कुणी म्हणालं तर दोन्ही यंत्रं ठीक आहेत.

## ४. क्रम स्वतःच्या डोळ्यांनी बघा

वरचं सगळं माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करायची गरज नाही. एका खिडकीत ‘सुडो बीटीमॉन’ चालू करा, दुसरीत ब्लूटूथसीटीएल उघडून ‘स्कॅन ऑन’. बीटीमॉनच्या खिडकीत ओळी धो धो वाहतील. घाबरू नका, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह तेवढं बघा. < म्हणजे संगणकाने कंट्रोलरला सांगितलं, > म्हणजे कंट्रोलरने कळवलं, आणि @ म्हणजे ब्लूझेडची सेवा आणि कर्नेल यांच्यातलं बोलणं.

क्रमाने हे शोधा. आधी @ ची ओळ, ‘स्टार्ट डिस्कव्हरी’ किंवा फिल्टर लावला असेल तर ‘स्टार्ट सर्व्हिस डिस्कव्हरी’. तिच्याखाली पत्त्यांचे प्रकार लिहिलेले असतात. बीआर-ईडीआर, एलई पब्लिक आणि एलई रँडम असे तिन्ही असतील तर दोन्ही पद्धतींचा शोध आहे. मग < ‘एलई सेट रँडम अॅड्रेस’ दिसू शकेल. शोधणाऱ्याने स्वतःचा खरा पत्ता उघड करू नये म्हणून ही तरतूद आहे. पाठोपाठ < ‘एलई सेट स्कॅन पॅरामीटर्स’ आणि < ‘एलई सेट स्कॅन एनेबल’. नव्या चिपवर याच नावांत मधे ‘एक्स्टेंडेड’ हा शब्द येईल, अर्थ तोच.

आता > च्या ओळी, ‘एलई अॅडव्हर्टायझिंग रिपोर्ट’. एकेक ओरडणं म्हणजे एकेक रिपोर्ट. उजव्या कडेला सेकंद पळताना दिसतील. पाचेक सेकंदांनी पुन्हा ‘एलई सेट स्कॅन एनेबल’ येईल, पण आत ‘डिसेबल्ड’ असेल. एलईची पाळी संपली. लगेच खाली < ‘इन्क्वायरी’, आणि तिच्या पोटात ‘लेंग्थ: ५.१२एस’. हीच ती वाटणी. पुढे ‘एक्स्टेंडेड इन्क्वायरी रिझल्ट’च्या ओळी, ‘इन्क्वायरी कम्प्लीट’, आणि कुणाचं नाव बाकी असेल तर ‘रिमोट नेम रिक्वेस्ट’.

इन्क्वायरीची ओळ एलई बंद व्हायच्या आधीच दिसली, तर तुमची चिप वरच्या अपवादातली. इन्क्वायरी कितीही वेळ दिसलीच नाही, तर दुसऱ्या पायरीतली ती फाइल परत उघडा.

लॉग जपून ठेवायचा असेल तर ‘बीटीमॉन -डब्ल्यू’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. ती फाइल वायरशार्क या नेटवर्कवरचं बोलणं तपासायच्या प्रोग्राममध्ये उघडते.

## ५. हवं तेवढंच मागा

क्रम कळला की त्यातून सुटायची वाटही कळते. स्पीकरच शोधायचा असेल तर एलईला अर्धा वेळ कशाला द्यायचा? ‘स्कॅन बीआरईडीआर’ द्या. आता इन्क्वायरीला पूर्ण १०.२४ सेकंद मिळतात, आणि तेही पहिल्या क्षणापासून. सेन्सर शोधायचा असेल तर ‘स्कॅन एलई’, तिथेही फेरी १०.२४ सेकंदांची होते. मधला विराम फिल्टरनुसार कमी होतो किंवा गळतोही.

ब्लूटूथसीटीएलच्या जुन्या आवृत्तीत ही छोटी रूपं नाहीत. तिथे ‘मेनू स्कॅन’, मग ‘ट्रान्सपोर्ट बीआरईडीआर’ किंवा ‘ट्रान्सपोर्ट एलई’, मग ‘बॅक’ आणि ‘स्कॅन ऑन’. याच मेनूत ‘आरएसएसआय’ (सिग्नलचा जोर), ‘यूयूआयडीज’ (डिव्हाइसच्या सेवांचे ओळखक्रमांक) आणि ‘पॅटर्न’ (नावाची किंवा पत्त्याची सुरुवात) हे फिल्टर आहेत. आरएसएसआयला उणे ६० दिलंत तर त्याहून दुबळा सिग्नल दिसणार नाही, गर्दीच्या इमारतीत हे वरदान आहे. यूयूआयडीचा फिल्टर मात्र जपून वापरा. पुष्कळ सेन्सर आपल्या सेवेचा यूयूआयडी ओरडण्यात घालतच नाहीत, कारण एलईच्या साध्या पाकिटात जागाच ३१ बाइटची. असा सेन्सर फिल्टरमध्ये गळून जाईल आणि तुम्ही बॅटरी बदलत बसाल.

बीटीएमजीएमटी पसंत असेल तर ‘फाइंड -एल’ एलईसाठी आणि ‘फाइंड -बी’ क्लासिकसाठी. ‘एचसीआयटूल स्कॅन’ आणि ‘एचसीआयटूल एलईस्कॅन’ अजून असंख्य ट्यूटोरियलमध्ये सापडतात. ती दोन्ही ब्लूझेडने केव्हाच जुनी ठरवली आहेत. ती वरचा सगळा क्रम डावलून थेट कंट्रोलरला हुकूम देतात, आणि सेवेचा स्कॅन आधीच चालू असला की ‘इनपुट/आउटपुट एरर’ तोंडावर मारतात. शिकायला बसला असाल तर त्यांच्या वाटेला जाऊच नका.

## ६. स्कॅन थांबवा, पण बेताने

सापडलं की स्कॅन थांबवून मग जोडावं. इन्क्वायरी रेडिओचा बराच वेळ खाते. त्याच वेळी दुसऱ्या हेडफोनवर गाणं चालू असेल तर ते अडखळतं, आणि नवीन जोडणीही रखडते.

पण थांबवल्यावर चहा करायला जाऊ नका. पेअर न केलेली डिव्हाइस ब्लूझेड तात्पुरती धरतो आणि काही वेळाने यादीतून काढून टाकतो. मेन डॉट कॉन्फमधल्या ‘टेम्पररीटाइमआउट’ची मूळ किंमत ३० सेकंद आहे. त्यानंतर ‘पेअर’ किंवा ‘कनेक्ट’ दिलंत की ‘डिव्हाइस नॉट अव्हेलेबल’ ऐकावं लागतं, आणि पत्ता तर समोरच्याच स्क्रीनवर लिहिलेला असतो. पत्ता बरोबर आहे, यादीतली नोंद गेली आहे. पुन्हा स्कॅन करा, दिसलं की थांबवा, लगेच ‘पेअर’, मग ‘ट्रस्ट’, मग ‘कनेक्ट’.

जोडण्याआधी ‘इन्फो’ आणि पत्ता देऊन एकदा खात्री करा. पहिल्या ओळीत पत्त्यापुढे ‘रँडम’ असेल तर नोंद एलईची. ‘क्लास’ची, म्हणजे डिव्हाइसचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याची, ओळ असेल तर डिव्हाइस क्लासिकच्या इन्क्वायरीत सापडलेलं आहे. स्पीकरचा क्लास बहुधा २४०४१४ ने संपतो. ही खात्री उगाच नाही. आजकालचे पुष्कळ हेडफोन दोन्ही पद्धतींवर हजर असतात आणि यादीत दोनदा दिसतात, कधी नावाआधी ‘एलई’ लावून. एलई आधी स्कॅन होत असल्यामुळे ती नोंद आधी येते, नवा माणूस तिलाच जोडतो, आणि ‘कनेक्टेड’ असूनही आवाज येत नाही. नेहमीचा ऑडिओ क्लासिकवरून जातो. क्लासिकची नोंद येईपर्यंत थांबा, किंवा सरळ ‘स्कॅन बीआरईडीआर’ करा.

## ७. कोड लिहिताना

पायथनवाले बहुतेक ब्लीक ही लायब्ररी वापरतात. ब्लीक फक्त एलईसाठी आहे. लिनक्सवर ते ब्लूझेडला ट्रान्सपोर्ट एलईच मागतं, त्यामुळे त्यात एचसी-०५ शोधणं व्यर्थ. त्याच्या ‘डिस्कव्हर’ची मूळ मुदत ५ सेकंद आहे. आळशी सेन्सरसाठी ती १५ किंवा २० करा.

थेट डी-बसवर, म्हणजे लिनक्समधले प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या व्यवस्थेवर, लिहीत असाल तर अडॅप्टरच्या (संगणकाच्या ब्लूटूथ रेडिओच्या) ‘सेटडिस्कव्हरीफिल्टर’मध्ये ट्रान्सपोर्ट सांगा आणि मगच ‘स्टार्टडिस्कव्हरी’ बोलवा. पुढचे दोन मुद्दे मात्र नीट वाचा.

पहिला. ‘इंटरफेसेसअॅडेड’ हा संकेत फक्त नव्या डिव्हाइससाठी येतो. आधीच पेअर केलेलं किंवा यादीत असलेलं डिव्हाइस पुन्हा सापडलं तर ‘प्रॉपर्टीजचेंज्ड’ येतो, आरएसएसआय बदलल्याचा. म्हणून सुरुवातीला ‘गेटमॅनेज्डऑब्जेक्ट्स’ने यादी घ्या आणि दोन्ही संकेत ऐका. ‘पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा डिव्हाइस सापडतच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं.

दुसरा. अडॅप्टर सगळ्यांचा मिळून एकच आहे. तुमच्या प्रोग्रामने एलई मागितलं आणि त्याच वेळी डेस्कटॉपवर ब्लूटूथ सेटिंगची खिडकी उघडी असेल, तर ब्लूझेड दोघांचे फिल्टर एकत्र करतो आणि निकाल दोघांनाही पाठवतो. फेरी परत वाटणीवर येते आणि तुमच्याकडे न मागितलेली डिव्हाइस येऊ लागतात. ती गाळायची जबाबदारी तुमच्या कोडची. तसंच ‘स्टॉपडिस्कव्हरी’ने फक्त तुमची मागणी संपते. खिडकी उघडी असेतो रेडिओ शोधतच राहील. मोजमापं घ्यायला बसण्यापूर्वी ती खिडकी बंद करा.

## ८. हमखास अडकायच्या जागा

डिव्हाइस आधीच फोनला जोडलेलं आहे. सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. बहुतेक बँड जोडणी झाली की ओरडणं थांबवतात, स्पीकर हाकेला उत्तर देत नाहीत. घरातल्या ज्या फोनवर ते कधीकाळी जोडलं होतं त्याचं ब्लूटूथ आधी बंद करा. आईच्या फोनचंही.

पेअरिंग मोडच नाही. स्पीकर नुसता चालू असणं पुरत नाही, अनोळखी हाकेला तो उत्तर द्यायला तयार हवा. बटण दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकू द्या, आणि मग स्कॅन सुरू करा.

एकच डिव्हाइस वारंवार नव्या पत्त्याने. फोन आणि घड्याळं आपला पत्ता ठरावीक काळाने, साधारण पंधरा मिनिटांनी, बदलतात. माग काढता येऊ नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. पत्ते मोजून ‘खोलीत इतकी माणसं’ असा प्रोजेक्ट करणार असाल तर विषय बदला.

नाव नाही. एलईत नाव अनेकदा दुसऱ्या पाकिटात असतं, शोधणाऱ्याने विचारल्यावरच ते येतं. सिग्नल दुबळा असला की पहिलं पाकीट पोचतं आणि दुसरं राहतं. जवळ जाऊन बघा.

यूएसबी ३ ची शेजारसंगत. यूएसबी ३ ची हार्डडिस्क आणि डोंगल शेजारच्या पोर्टमध्ये असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो आणि डोंगलला ऐकू येत नाही. अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल दूर न्या. पायच्या आतल्या चिपवर वायफाय आणि ब्लूटूथ एकत्रच आहेत. मोठं डाउनलोड चालू असताना स्कॅनची परीक्षा घेऊ नका, किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

## ९. अँड्रॉइडवर काम करणार असाल

तिथे वाटणी तुमच्यावर सोपवलेली आहे. ‘स्टार्टडिस्कव्हरी’ म्हणजे साधारण १२ सेकंदांची इन्क्वायरी आणि मग नावं विचारणं. एलईसाठी ‘ब्लूटूथएलईस्कॅनर’ हा वेगळा वर्ग आहे. क्रम तुम्हीच ठरवायचा, आणि मी तरी तिथेही एलई आधी घेतो. जोडण्यापूर्वी ‘कॅन्सलडिस्कव्हरी’ अवश्य बोलवा.

परवानग्यांत अँड्रॉइड १२ पासून ‘ब्लूटूथ स्कॅन’ आणि ‘ब्लूटूथ कनेक्ट’ वेगळ्या मागाव्या लागतात. त्याआधीच्या फोनवर लोकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइड ७ पासून आणखी एक मर्यादा आहे: ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा एलई स्कॅन सुरू केलात तर पुढचे स्कॅन गुपचूप रिकामे जातात. अॅप कोसळत नाही, फक्त काही सापडत नाही. ‘सापडेपर्यंत स्कॅन बंद-चालू करत राहा’ असं लूप लिहिलं असेल तर ते आजच काढा.

## १०. तरी अडलं आणि कुणाला विचारायचं असेल तर

‘ब्लूटूथ चालत नाही’ एवढंच लिहून उत्तर मिळत नाही. कर्नेलची आवृत्ती, ब्लूझेडची आवृत्ती, चिप कोणती, डिव्हाइस क्लासिक की एलई, कोणती कमांड दिलीत, आणि बीटीमॉनमध्ये इन्क्वायरीची ओळ कितव्या सेकंदाला आली, एवढं द्या. बीटीमॉनची फाइल देणार असाल तर फक्त स्कॅनपुरती नोंदवलेली द्या. पेअरिंगच्या वेळी घेतलेल्या फाइलमध्ये जोडणीच्या गुप्त किल्ल्याही जशाच्या तशा येतात. तशी फाइल आधीच कुणाला दिली असेल तर ते डिव्हाइस ‘रिमूव्ह’ करून पुन्हा पेअर करा, म्हणजे किल्ली नवी तयार होईल.